युद्ध, देश आणि ख्रिस्ती विश्वासणारा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नगरच्या आसपास पहाटे फिरायला निघालात की रस्त्याच्या कडेने भरतीसाठी पळणारी पोरे हमखास दिसतात. 2022 पासून अग्निपथ योजना आली, जवानांना अग्निवीर म्हणू लागले, चार वर्षांचीच नोकरी झाली, तरी पळणे थांबलेले नाही. त्यांतली काही पोरे रविवारी आमच्या तरुण संघात असतात. खाली दिलेले प्रश्न त्यांचे आहेत, त्यांच्या आयांचे आहेत, आणि सीमेवर काही घडले की उपासनेनंतर अंगणात उभ्या राहणाऱ्या आम्हा सगळ्यांचे आहेत. मी पाळक नाही. पुष्कळ वर्षे शब्बाथ शाळेत शिकवत आलो आहे आणि या प्रश्नांनी माझी पाठ कधी सोडलेली नाही.

ख्रिस्ती माणसाने सैन्यात जावे का? हो की नाही, ते सांगा.

जाऊ शकतो. पण "जाऊ शकतो" आणि "विचार न करता गेला तरी चालेल" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सैन्यातली नोकरी पाप आहे असे नव्या करारात कुठे म्हटलेले मला सापडलेले नाही. आणि माणूस मारणे ही साधी गोष्ट आहे असे म्हणणारी एक ओळही सापडलेली नाही. पुढची सगळी उत्तरे या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत आहेत. तिसरी गोष्ट अशी की विवेकाला पटत नाही म्हणून जो जात नाही, त्याला भित्रा म्हणण्याचा अधिकार मंडळीला, म्हणजे चर्चला, नाही.

येशूने तर दुसरा गाल पुढे करायला सांगितले. मग विषय संपला नाही का?

डोंगरावरचे प्रवचन सौम्य करून वाचायचे नाही, हे आधी ठरवू. "जे शांती करणारे ते धन्य" हे वचन आपण घरच्या भिंतीवर लावतो, ते फक्त भिंतीसाठी नाही. शत्रूवर प्रीती करा, छळणाऱ्यांसाठी प्रार्थना करा, हे येशूने रोमी पलटणीच्या टाचेखाली राहणाऱ्या लोकांना सांगितले. त्यांचा शत्रू कल्पनेतला नव्हता, नाक्यावर उभा होता. गेथशेमाने बागेत पेत्राने तलवार उपसली तेव्हा येशूने ती म्यानात घालायला लावली आणि तलवार धरणारे तलवारीनेच नाश पावतील असे सांगितले.

पण माझ्या गालावर चापट बसली तर मी काय करावे, हा एक प्रश्न. माझ्या शेजारणीच्या लेकरावर कुणी कोयता उगारला तर मी काय करावे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर येशूने स्पष्ट दिले आहे. दुसऱ्यावरून मंडळीत 2000 वर्षे वाद चालू आहे, आणि तो प्रामाणिक वाद आहे. हिप्पोचा बिशप ऑगस्टीन (354-430) स्वतःच्या जिवासाठी माणूस मारायला राजी नव्हता, दुसऱ्याच्या रक्षणासाठी शिपायाने शस्त्र उचलणे मात्र त्याने मान्य केले. आपण सहसा नेमके उलटे वागतो. स्वतःच्या अपमानावर लगेच पेटून उठतो आणि शेजाऱ्याच्या घराला आग लागली की दार लावून घेतो.

नव्या करारात शिपाई भेटतात का?

भेटतात, आणि बऱ्याच ठिकाणी चांगल्या नावाने भेटतात. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला शिपायांनी विचारले, "आम्ही काय करावे?" (लूक 3:14). नोकरी सोडा, असे तो म्हणाला नाही. जुलूम करू नका, खोटे आरोप करून कुणाला लुबाडू नका, आपल्या पगारात समाधानी राहा, एवढे तो म्हणाला. गणवेशातल्या माणसाच्या हातून कोणती पापे होतात हे त्याला नेमके माहीत होते. कफर्णहूमच्या शताधिपतीचा, म्हणजे शंभर शिपायांवरच्या रोमी अधिकाऱ्याचा, विश्वास पाहून येशूला नवल वाटले. वधस्तंभापाशी "हा खरोखर देवाचा पुत्र होता" म्हणणारा शताधिपतीच होता. यहूदी नसलेल्यांपैकी कर्नेल्याच्या घरावर पवित्र आत्मा उतरला, तोही शताधिपती. पेत्राने त्याला राजीनामा द्यायला सांगितल्याची नोंद नाही, आणि नोकरी चालू ठेव असे सांगितल्याचीही नाही. या मौनातून जो तो आपल्या सोयीचा अर्थ काढतो, म्हणून मी त्यावर फार भार टाकत नाही.

"खून करू नको" या आज्ञेचे काय?

निर्गम 20 मधला मूळ हिब्रू शब्द प्रत्येक प्रकारच्या मारण्यासाठी वापरलेला नाही. मराठी भाषांतरात "मारू नको" असे न येता "खून करू नको" असे आले, ते योग्यच आहे. पण युद्धात केलेली हत्या खून ठरत नाही, एवढ्याने ती शुद्ध ठरली असे होत नाही. दाविदाला मंदिर बांधू दिले नाही, कारण त्याच्या हातून फार रक्त सांडले होते (1 इतिहास 22:8). आणि दाविदाची युद्धे तर देवाच्या लोकांसाठीची होती.

जुन्या करारात देवानेच युद्धे करायला सांगितली. मग आपली युद्धेही देवाचीच का नव्हेत?

यहोशवाचे पुस्तक वाचताना मलाही जड जाते, ते लपवत नाही. पण त्याच पुस्तकातला पाचवा अध्याय उघडा. यरीहोजवळ यहोशवाला उपसलेली तलवार घेतलेला एक पुरुष दिसतो. यहोशवा विचारतो, तू आमच्या बाजूचा की शत्रूच्या? उत्तर येते: नाही. मी परमेश्वराच्या सैन्याचा सेनापती म्हणून आलो आहे. प्रश्नच चुकला होता. देव कुणाच्या पलटणीत नाव नोंदवत नाही.

अनुवाद 20 सुद्धा याच नजरेने वाचा. नवे घर बांधले आणि अजून राहायला गेला नाही, त्याने परत जावे. मळा लावला आणि फळ चाखले नाही, त्याने परत जावे. लग्न ठरले आहे, त्याने परत जावे. ज्याला भीती वाटते, त्यानेही घरी जावे. वेढा घातलेल्या नगराची फळझाडे तोडू नका. त्या काळातल्या कोणत्या राजाने असा कायदा केला असता? इस्राएल हे निवडलेले राष्ट्र एका विशिष्ट काळात एका विशिष्ट कामासाठी होते. इंग्लंड, अमेरिका, रशिया, भारत यांतले कुणीही इस्राएलच्या जागी बसू शकत नाही. ज्या ज्या राष्ट्राने स्वतःला तसे बसवले, त्याने देवाच्या नावाने भयंकर कृत्ये केली. 1095 मध्ये पुकारलेली क्रूसाची युद्धे हे त्याचे ढळढळीत उदाहरण. त्याच युद्धांच्या धामधुमीत, 1219 मध्ये, असिसीचा फ्रान्सिस इजिप्तमधल्या दमिएत्ताजवळ शत्रूची फळी ओलांडून सुलतान अल-कामिलला भेटायला नि:शस्त्र गेला, हेही मुलांना सांगायला हवे.

पहिल्या ख्रिस्ती लोकांनी काय केले?

पहिल्या तीन शतकांतले बहुतेक लेखक ख्रिस्ती माणसाने रक्त सांडण्याच्या विरोधात आहेत. तर्तुल्लियन म्हणतो की प्रभूने पेत्राच्या हातून शस्त्र काढून घेतले तेव्हा प्रत्येक शिपायाचा कमरपट्टा सोडला. ओरिगेनचे म्हणणे असे की आम्ही सम्राटासाठी प्रार्थनेने लढतो. 295 साली आजच्या अल्जीरियातल्या तेबेस्सा येथे माक्सिमिलियन नावाचा 21 वर्षांचा तरुण "मी ख्रिस्ती आहे, शिपाई होऊ शकत नाही" म्हणत भरतीला नकार देऊन मेला.

पण त्याच काळात रोमी सैन्यात ख्रिस्ती शिपाई होतेही. नसते, तर त्यांच्याविरुद्ध लिहायची गरजच पडली नसती. 313 नंतर सम्राट कॉन्स्टंटाइनच्या छायेत मंडळी आली आणि चित्र पालटले. छळ सोसणाऱ्यांच्या हाती सत्ता आली की प्रश्नच बदलतात. तरीही 390 मध्ये थेस्सलनिकेत कत्तल करवणाऱ्या सम्राट थिओडोसियसला मिलानचा बिशप अँब्रोज याने पश्चात्ताप करीपर्यंत प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतला भाकर आणि द्राक्षारसाचा विधी, नाकारले. सत्तेच्या जवळ असूनही सत्तेला तोंडावर सांगणारी मंडळी कशी दिसते, ते इथे दिसते.

"न्याय्य युद्ध" म्हणजे काय?

ऑगस्टीनपासून सुरू झालेला विचार थॉमस अक्वायनसने 13 व्या शतकात तीन कसोट्यांत बसवला: युद्ध पुकारण्याचा अधिकार असलेल्या सत्तेने ते पुकारलेले असावे, कारण न्यायाचे असावे आणि हेतू शुद्ध असावा. पुढे आणखी अटी जोडल्या गेल्या. बाकी सगळे उपाय थकल्यावरच युद्ध, होणारे नुकसान टाळलेल्या अन्यायापेक्षा मोठे नको, नि:शस्त्र लोकांवर हल्ला नाही. आजच्या युद्धविषयक आंतरराष्ट्रीय कायद्यात या विचाराचे बरेच अंश आहेत.

मला या कसोट्या आवडतात, पण एक गोष्ट खटकते. त्या हातात घेऊन आपल्या देशाच्या युद्धाला "हे न्याय्य नाही" असे कोणत्या मंडळीने कधी म्हटले? फार थोड्यांनी. 1914 मध्ये जर्मन पाळक आणि इंग्रज पाळक एकाच ख्रिस्ताच्या नावाने दोन्ही बाजूंच्या तोफांना आशीर्वाद देत होते. जी कसोटी दर वेळी "हो"च म्हणते, ती कसोटी राहत नाही. अण्वस्त्रांच्या काळात तर हे अधिकच अवघड झाले. पोप तेविसावे योहान यांनी 1963 च्या आपल्या परिपत्रकात आणि पोप फ्रान्सिस यांनी 2020 मध्ये, आजच्या शस्त्रांच्या जगात न्याय्य युद्धाची भाषा करणे किती कठीण झाले आहे, हे उघड सांगितले.

युद्धात अजिबात भाग न घेणारे ख्रिस्ती पंथ आहेत का? आपल्याकडे?

आहेत. मेनोनाइट, क्वेकर आणि ब्रेदरन हे तीन "शांतीचे पंथ" म्हणून ओळखले जातात. 1527 च्या श्लाइटहाइम कबुलीत मेनोनाइटांच्या पूर्वसुरींनी तलवार नाकारली. 1660 मध्ये क्वेकरांनी इंग्लंडच्या राजाला लेखी कळवले की आम्ही कोणत्याही कारणासाठी शस्त्र उचलणार नाही.

आपल्याकडची गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. मेनोनाइट मिशन 1899 पासून छत्तीसगडातल्या धमतरीत आहे. ब्रेदरन मिशनने गुजरातेतल्या बलसाडपासून आपल्या डहाणूपर्यंत काम केले. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, तेव्हा एकत्र आलेल्या सहा मंडळ्यांत ब्रेदरनही होते आणि अँग्लिकनही. म्हणजे ज्यांच्या पूर्वजांनी शस्त्र नाकारले ते, आणि ज्यांच्या छावणीतल्या देवळांच्या भिंतींवर पलटणींच्या स्मरणपाट्या आहेत ते, आज एकाच प्रभुभोजनाच्या मेजापाशी बसतात. आपल्याच घरातला हा ठेवा आपण उघडून पाहिलेला नाही, याचे मला वाईट वाटते.

रोमकरांस पत्र 13 मध्ये अधिकाऱ्यांच्या अधीन राहा म्हटले आहे. मग सरकार सांगेल ते करायचे ना?

अधीन राहणे म्हणजे डोळे मिटून सगळे करणे नव्हे. कर द्या, कायदा पाळा, मान द्या, राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करा (1 तीमथ्य 2), हे सगळे आपले कर्तव्य आहे. "कैसराचे ते कैसराला" हे वचन आपण मोठ्याने म्हणतो. "देवाचे ते देवाला" म्हणताना आवाज का खाली येतो? नाण्यावर कैसराची, म्हणजे रोमी सम्राटाची, प्रतिमा होती, म्हणून नाणे कैसराचे. माणसावर देवाची प्रतिमा आहे. ज्या पेत्राने राजाचा मान राखा असे लिहिले, त्यानेच न्यायसभेपुढे सांगितले, "आम्ही माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे."

याचे सर्वांत कडक उदाहरण ऑस्ट्रियातला शेतकरी फ्रान्झ येगरश्टेटर. हिटलरच्या सैन्यात लढायला त्याने नकार दिला. घरी बायको, लहान मुली. त्याच्या बिशपनेही त्याला समजावले की कुटुंबाचा विचार कर. जखमींच्या सेवेत जायची त्याची तयारी होती, ती कुणी मानली नाही. 9 ऑगस्ट 1943 रोजी त्याचा शिरच्छेद झाला. 2007 मध्ये कॅथलिक चर्चने त्याला धन्य घोषित केले. तेव्हाच्या जर्मनीत रोमकरांस 13 वाचून दाखवणारे पाळक पुष्कळ होते. त्या अध्यायाचा अर्थ या शेतकऱ्याला त्यांच्यापेक्षा नीट कळला होता, असे मला वाटते.

येशूने शपथ वाहू नका म्हटले आहे. सैन्यात तर शपथ घ्यावी लागते.

कसम परेडला, म्हणजे जवानांच्या शपथविधीच्या संचलनाला, धर्मग्रंथ समोर असतात, ख्रिस्ती जवानासाठी पवित्र शास्त्र असते. ईश्वराच्या नावाने शपथ घेण्याऐवजी गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करण्याची सोयही आपल्या कायद्यात आहे. मला याहून महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. ही निष्ठा संविधानाशी आहे. जर्मन सैनिकांनी 1934 पासून एका माणसाच्या नावाने शपथ घेतली आणि त्यातून काय झाले ते जगाने पाहिले. व्यक्तीशी बांधलेली निष्ठा आणि कायद्याशी बांधलेली निष्ठा यांत ख्रिस्ती विवेकाला फार मोठा फरक दिसायला हवा.

पलटणीच्या मंदिरात किंवा गुरुद्वारात जावे लागले तर?

हा प्रश्न हल्ली फार विचारला जातो. एका ख्रिस्ती लेफ्टनंटला 2021 मध्ये सेवेतून काढले गेले. आपल्या जवानांबरोबर तो साप्ताहिक धार्मिक परेडला जात असे, पण गाभाऱ्यात जाऊन विधीत भाग घ्यायला त्याने नकार दिला होता. दिल्ली उच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये ही बडतर्फी कायम ठेवली. सैन्याची बाजू अशी की अधिकारी आपल्या जवानांपासून वेगळा उभा राहिला तर एकी तुटते.

आमच्या मंडळीत यावर दोन तट पडले. मी 2 राजे 5 वाचून दाखवले. अरामी सेनापती नामान कोड बरे झाल्यावर अलीशाला म्हणतो, यापुढे मी परमेश्वराशिवाय कुणाला यज्ञ करणार नाही. पण माझा धनी माझ्या हातावर टेकून रिम्मोनाच्या मंदिरात नमन करतो तेव्हा मलाही वाकावे लागते, तेवढ्याची मला क्षमा असो. अलीशाने त्याला व्याख्यान दिले नाही. "शांतीने जा" म्हणाला. दुसरीकडे शद्रख, मेशख आणि अबेदनगो मूर्तीपुढे वाकले नाहीत, भट्टीत गेले. शास्त्रात दोन्ही गोष्टी आहेत. म्हणून भरतीला जाणाऱ्या मुलाला मी एवढेच सांगतो की हा विचार निघण्याआधी घरी कर, परेडच्या मैदानावर नको. आपली रेघ कुठे आहे आणि तिची किंमत काय पडेल, हे माहीत करून घेऊनच सही कर.

शस्त्र न उचलता देशाची सेवा करता येते का?

येते. डेस्मंड डॉस हा अमेरिकन ॲडव्हेंटिस्ट शिपाई बंदुकीला हात न लावता वैद्यकीय सेवक म्हणून गेला. 1945 मध्ये ओकिनावाच्या कड्यावरून त्याने सुमारे 75 जखमींना दोराने खाली उतरवले. आपल्याकडे सक्तीची भरती नाही, त्यामुळे नकार द्यायची वेळ सहसा येत नाही. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये ख्रिस्ती मुलींनी पिढ्यान् पिढ्या काम केले आहे. पुण्याच्या एएफएमसीत (सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात) नर्सिंग कॉलेज आहे, चौकशी करा.

शांती करणे हीसुद्धा सेवाच. 1964 मध्ये नागालँडच्या बाप्टिस्ट मंडळीने पुढाकार घेऊन शांती मिशन उभे केले. त्यात जयप्रकाश नारायण, आसामचे मुख्यमंत्री बिमलाप्रसाद चलिहा आणि इंग्रज पाळक रेव्ह. मायकेल स्कॉट होते. त्या सप्टेंबरात भारत सरकार आणि नागा बंडखोर यांच्यात शस्त्रसंधी झाली. ती कायमची टिकली नाही, पण तेवढ्या काळात कितीतरी आयांची पोरे जिवंत घरी आली.

आमच्या देशप्रेमावरच शंका घेतात. काय उत्तर द्यावे?

हे ऐकताना पोटात तुटते, कारण मीही ऐकले आहे. लान्स नायक अल्बर्ट एक्का यांचे नाव सांगा. आजच्या झारखंडमधले ख्रिस्ती आदिवासी, 14 गार्ड्सचे जवान, डिसेंबर 1971 मध्ये गंगासागरच्या लढाईत पडले, मरणोत्तर परमवीरचक्र. मुंबईत जन्मलेले गोव्याच्या घराण्यातले जनरल सुनीत फ्रान्सिस रॉड्रिग्ज 1990 ते 1993 लष्करप्रमुख होते. माझगावचे काका जोसेफ बॅप्टिस्टा लोकमान्यांचे सहकारी आणि 1916 च्या होमरूल लीगचे अध्यक्ष. पंडिता रमाबाई 1889 च्या मुंबईतल्या काँग्रेस अधिवेशनाला हजर होत्या.

पण एक सांगतो. ही यादी पुरावा म्हणून खिशात घेऊन फिरावे लागणे, हाच अन्याय आहे. देशावर आपण प्रेम करतो ते सिद्ध करण्यासाठी नाही. बाबेलात बंदिवान असलेल्यांना यिर्मयाने लिहिले होते की ज्या नगरात आहात त्याच्या हितासाठी झटा, त्याच्यासाठी प्रार्थना करा (29:7). आपण तर बंदिवान नाही. हे आपलेच गाव, आपलीच ज्वारी, आपलीच भाषा. राष्ट्रगीत आपण आनंदाने गातो. ज्यांचा विवेक गाऊ देत नाही पण जे आदराने उभे राहतात, त्यांचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 1986 मध्ये केरळच्या तीन शाळकरी भावंडांच्या खटल्यात मान्य केला. ती मुले यहोवाचे साक्षीदार या पंथाची होती. आपली शिकवण त्यांच्याहून वेगळी आहे, तरी त्या निकालाने आपल्याही विवेकाचे रक्षण होते.

युद्धाच्या काळात उपासनेत प्रार्थना कशी करावी?

आपल्या जवानांची नावे घेऊन करा. मग पलीकडच्या आयांसाठीही करा. पलीकडे ख्रिस्ती मंडळ्या आहेत, लाहोरात, कराचीत, त्याही त्याच प्रभूची प्रार्थना म्हणत आहेत. शत्रूचा नाश माग असे कुणी म्हटले तर त्याला न दुखावता मत्तय 5:44 वाचून दाखवा. विजयाची बातमी आली की देवळात फटाक्यांची भाषा नको. खडकीच्या युद्ध स्मशानभूमीत एकदा मुलांना न्या. दुसऱ्या महायुद्धातल्या दीड हजारांहून अधिक कबरी तिथे ओळीने आहेत. दगडांवरची वये वाचायला लावा. आमच्या वर्गातली सगळ्यांत दंगेखोर पोरेही तिथे गप्प झाली होती.

युद्धावरून परतलेल्या जवानासाठी मंडळीने काय करावे?

जुन्या मंडळीला हे आपल्यापेक्षा जास्त कळत होते. कैसरियाच्या बासिलने चौथ्या शतकात सुचवले की युद्धात माणूस मारलेल्याने तीन वर्षे प्रभुभोजनापासून दूर राहावे. तो त्याला खुनी म्हणत नव्हता. 1066 च्या हेस्टिंग्जच्या लढाईनंतर जिंकलेल्या बाजूच्या बिशपांनीच आपल्या सैनिकांना, मारलेल्या प्रत्येक माणसामागे एक वर्ष प्रायश्चित्त सांगितले. आज हे कठोर वाटते. पण त्यात एक गोष्ट होती: तुझ्या हातून जे घडले ते आम्हाला दिसते, आणि त्यातून परत यायला वाट आहे. आपण नुसता हार घालतो.

आमच्या मंडळीत एक निवृत्त हवालदार आहेत. दर 26 जानेवारीला आम्ही त्यांचा सत्कार करायचो, शाल द्यायचो, फोटो काढायचो. प्रभुभोजनाच्या रविवारी ते शेवटच्या बाकावरून उठून बाहेर जातात, हे आमच्यातल्या कुणाच्या लक्षात आले नव्हते. लक्षात आले ते नव्या पाळकबाईंच्या. त्यांनी काही विचारले नाही. दर गुरुवारी संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसू लागल्या, चहा घेऊ लागल्या. सात-आठ महिने गेले. एका गुरुवारी हवालदारकाका बोलायला लागले आणि बाई रात्री साडेदहाला घरी परतल्या. काय बोलणे झाले, ते त्यांनी आम्हाला सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही. त्या ईस्टरला काका पुढे आले, भाकर घेतली, आणि बाकावर परत जाताना त्यांचा हात माझ्या खांद्यावर क्षणभर टेकला.